वैदूरच्या पायदळाची तपासणी

आंजी (मोठी)
३ जुलै २०२५

धम्मदीप, जयभीम.

तुझं पार्सल परवा मिळालं. वरचं अक्षर ओळखून तुझी आई म्हणाली, "पोरानं काईतरी पाठोलं." मी म्हटलं, चौदा वर्षांत बापाला एक ओळ न लिहिणारा मुलगा काय पाठवणार, वकिलाची नोटीस असेल. उघडलं तर त्याहून वाईट निघालं. तू एक अख्खा देश पाठवला आहेस.

वैदूर प्रजासत्ताक. नकाशात नाही, इतिहासात नाही, फक्त तुझ्या डोक्यात आहे. त्या देशावर तू दोन कादंबऱ्या लिहिल्यास आणि पुण्याकडे लोक त्या आवडीने वाचतात, हे आईच्या फोनवरून कानावर आलं होतं. रिकामटेकड्यांची पुण्यात कधीच टंचाई नव्हती. आता तिसरं पुस्तक त्या देशाच्या पायदळाच्या शस्त्रांचं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा काळ, गिरण्या, आगगाड्या, धुराच्या चिमण्या, आणि तीन लाख शिपाई. त्यांची रायफल, संगीन, पिस्तूल, हातबॉम्ब, सगळं तूच काढलेल्या चित्रांसह.

आणि वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: "बाबा, छापण्याआधी हे खऱ्या आर्मोररच्या हाताखालून जायला हवं. पुस्तकात 'तपासले: प्रेमदास थूल, सेवानिवृत्त पोलीस आर्मोरर' असं छापायचं आहे. तपासलं असेल तरच सही करा."

शेवटचं वाक्य छापखान्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे, एवढं मला कळतं. शस्त्रागाराच्या रजिस्टरातल्या माझ्या एका सहीवरून तू घर सोडलंस. शस्त्रागारातल्या माझ्या हाताखालच्या नत्थूजीचा डोळा त्या सहीमुळे गेला, असं तुझं म्हणणं. चौकशी समितीचं म्हणणं तसं नव्हतं. त्या वादात मी आता पडत नाही. सही पाहिजे ना, रीतसर तपासून देतो. छत्तीस वर्षं पोलिसांच्या बंदुका तपासण्यापलीकडे मी दुसरं केलं काय?

तर सुरुवात करतो. तुझी 'नमुना एकसष्ट' रायफल, वैदूरच्या प्रत्येक शिपायाच्या खांद्यावरची. वजन दोन किलो. अरे, आमची थ्री-नॉट-थ्री चार किलोची होती आणि तीसुद्धा नव्या पोरांचे खांदे काळेनिळे करायची. तुझ्या दोन किलोच्या काठीतून एवढं थोरलं काडतूस सुटलं तर शत्रूच्या आधी तुझाच शिपाई उताणा पडेल. नळी पितळेची. पितळेचा तांब्या असतो, धम्मदीप. पितळेचा बंब असतो. रायफलची नळी पोलादाची असते. दस्ता सागवानी लिहिला आहेस. सागाची दारं कर, खिडक्या कर. दस्त्याला अक्रोड लागतो. आणि ती अडीच हात लांबीची संगीन लावून तुझा शिपाई आगगाडीच्या डब्यात शिरणार कसा, तेही एकदा काढून दाखव.

एवढे तीन लाख लोक आणि त्यांतल्या एकालाही बंदूक कशी असते ठाऊक नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे हेच.

बाकीची पानं सवडीने पाहीन.

प्रेमदास थूल


आंजी (मोठी)
१७ जुलै २०२५

धम्मदीप,

तुझं उत्तर मिळालं. वजन चार किलो केलंस, नळी पोलादाची केलीस, संगीन वीतभर छाटलीस. आभार मानले आहेस. आभार नकोत. अभ्यास केला असतास तर बरं झालं असतं.

पान पंचेचाळीसपर्यंत आलो. हातबॉम्बला सुतळीची वात दिली आहेस आणि त्याच पानावर लिहितोस की वैदूरमध्ये वर्षाचे सात महिने पाऊस असतो. तुझे शिपाई खंदकात बसून काड्या ओढत असतील आणि समोरचा येऊन त्यांच्या टोप्या घेऊन जात असेल. अधिकाऱ्यांच्या पिस्तुलाच्या मुठीवर शिंपल्याची नक्षी आहे. घामाच्या हातातून ते पिस्तूल कसं सटकतं ते पाहायला मला फार आवडेल. अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र तुझा देश खरा वाटला. नक्षी बघणारे आणि नळीत कधी डोकावून न पाहणारे साहेब मी पुष्कळ पाहिले.

रायफल साफ करण्याचं चित्र तेवढं बरं आहे. दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढताना शिपायाने अंगठा कुठे धरला आहे, ते अगदी बरोबर काढलंस. हे कुठे पाहिलंस ते मी विचारत नाही.

त्या पानाच्या शेवटी कंपनीची यादी आहे. एकशे वीस शिपाई, चार हवालदार, दोन आचारी, एक न्हावी, एक बिगुलवाला, एक चांभार, एक खेचरवाला. आर्मोरर लिहायचा राहिला. खेचराला माणूस आहे आणि एकशे वीस रायफलींना नाही. नजरचूक असेल, टाकून घे.

तुझी आई रोज माझ्यावर नजर ठेवून आहे. काल म्हणाली, "तुमी त्या कागदाले इतल्या शिव्या देऊन राह्यले, मंग रोज सकायी चष्मा पुसून तेच काऊन घेऊन बसता?" मी म्हटलं, सरकारी काम समज. ती म्हणाली, "पोराले एवढं लिवता, तर दसऱ्याले घरी येजो म्हून एक ओळ लिवा ना." मी लिहीत नाही. तुला यायचं असतं तर रस्ता तुला ठाऊक आहे. तिने सांगितलं म्हणून फक्त कळवलं.

प्रेमदास थूल


आंजी (मोठी)
२ ऑगस्ट २०२५

धम्मदीप,

पान सत्तेचाळीसवर थांबलो आहे. पुढे जाववत नाही.

तू लिहितोस: "नमुना एकसष्टचा बोल्ट कोणत्याही रायफलमधून काढून कोणत्याही रायफलमध्ये बसवता येतो. वैदूरच्या सात कारखान्यांचा हा सर्वांत मोठा अभिमान आहे."

सात घरच्या सात बायकांनी एकाच परातीतल्या कणकेच्या पोळ्या लाटल्या तरी एकीवर एक ठेवून जुळत नाहीत, आणि तुझे सात कारखाने पोलाद जुळवतात. आमच्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून दाबून धरणारा दांडा, हा ज्या रायफलचा त्याच रायफलचा असतो. ती रायफल बनवतानाच तो घासून तिच्यात बसवतात आणि दोघांवर एकच नंबर ठोकतात. दुसरीचा बोल्ट घातलास तर तो जातोही आत. बंद होतो, दिसायला सगळं ठीक दिसतं. फक्त काडतुसाच्या मागे केसभर फट राहते. बार झाला की काडतुसाचं पितळ तिथे फाटतं आणि जाळ पुढे जायच्या ऐवजी मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

हे तुला मी सांगायला नको. वितळलेलं पितळ डोळ्यात गेलं की काय होतं, ते तू नागपूरच्या दवाखान्यात नत्थूजीच्या खाटेशेजारी उभं राहून पाहिलंस. माहीत नसताना पितळेची नळी काढलीस, ती अडाणीपणात गेली. हे तू माहीत असून लिहिलं आहेस. याला मी सही देणार नाही. आधी खोडून टाक.

आणि एक सांगून ठेवतो. त्या वेळी बोल्ट मी अदलाबदल केले नव्हते. त्या दसऱ्याला मी पोलीस मुख्यालयात नव्हतोच. तुला आणि तुझ्या आईला घेऊन दीक्षाभूमीवर गेलो होतो, दर वर्षीसारखा. हे चौकशीत कागदावर आहे.

प्रेमदास थूल


आंजी (मोठी)
११ ऑगस्ट २०२५

धम्मदीप,

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं. "बाबा, बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसं बदललं. आर्मोरर विसरलो नव्हतो, ठेवला नव्हता. बोल्टही बदलणार नाही, कारण वैदूरमध्ये नत्थूकाकांना दोन डोळे आहेत."

छान. टाळ्या. पुण्यात लोकांना हे वाक्य आवडेल. इकडे वडनेरला तो माणूस स्वतःच्याच गल्लीत भिंतीला हात लावत चालतो, कारण उरलेल्या डोळ्यातही आता मोतीबिंदू आहे, आणि तू तिकडे खुर्चीत बसून त्याला दोन डोळे देतोस. फुकटचा दानशूरपणा. आणि मला तुझ्या देशातून बडतर्फ. जिथे कोणताही बोल्ट कुठेही बसतो तिथे नंबर जुळवणारा माणूस लागतो कशाला? बरोबर आहे. न्हावी ठेवलास, चांभार ठेवलास, खेचरवाला ठेवलास.

चार दिवस मी या पत्राला उत्तर देत होतो. दोन मसुदे फाडले. दोन्हींत मी सभ्य माणूस होतो. हा तिसरा आहे.

त्या दसऱ्याचं लिहितो. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

आमच्याकडे शस्त्रपूजेला रायफली सतरंजीवर मांडायचे आणि बोल्ट सगळे बाहेर काढून, चकचकीत करून, पुढे पांढऱ्या कापडावर ओळीने ठेवायचे. प्रत्येक बोल्टला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. एकशे बारा बोल्ट. कोणत्या साहेबाने हा रिवाज पाडला कुणास ठाऊक, पण एकदा पडला की तो कोण मोडणार? मी दर वर्षी म्हणायचो की रायफलींची पूजा करा, बोल्ट आत राहू द्या. साहेब हसायचे. मग त्या दिवशी मी दीक्षाभूमीची रजा घ्यायचो आणि माझ्या जागी नत्थूजी उभा राहायचा. स्वतःच्या घरचा दसरा सोडून. "जा साहेब, तुमचा बी सनच हाय. मी पाह्यतो," असं म्हणायचा. सोळा वर्षं त्याने मला ती रजा मिळवून दिली. पूजा झाल्यावर साहेब सोनं वाटायला जायचे आणि पाचसहा पोरं घाईघाईने बोल्ट आत घालून मोकळी व्हायची. म्हणून दुसऱ्या दिवशी परत येऊन एकशे बारा नंबर जुळवायचे आणि रजिस्टरवर सही करायची, हे माझं काम. पंधरा वर्षं मी ते केलं. दर वर्षी तीस-चाळीस बोल्ट चुकीचे निघायचे.

त्या वर्षी मी आलो. नागपूरहून आलेला होतो, डोक्यात अजून ती गर्दी, ती निळी निशाणं. रॅकसमोर उभा राहिलो तर बोल्टांच्या खाचांत कुंकू भरलेलं, तेलात चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या. मला शिसारी आली. यांनी पूजा करायची आणि घाण मी काढायची, हे माझ्या बापजाद्यांनी पुष्कळ केलं, मी काऊन करू, असं मनात आलं. तो विचार काही खोटा नव्हता. पण त्या बोल्टांच्या मागे कोणाचं तरी तोंड येणार होतं, ते मला दिसलं नाही. मी पेन काढलं आणि 'एकशे बारा, नंबर जुळवले' लिहून सही केली.

नत्थूजी दारात होता. म्हणाला, "साहेब, नंबर पाह्यले काय?"

मी म्हटलं, "पूजा तुमी केली नं? तुमच्या देवानं पाह्यले असन."

त्या रात्रीच्या जेवणात हे मी तुम्हाला विनोद म्हणून सांगितलं. तूही हसलास. चौथ्या दिवशी नेमबाजीच्या सरावात नत्थूजीच्या हातात जी रायफल आली, तिच्यात तिचा बोल्ट नव्हता. आणि चौकशीत मी सांगितलं की मी नंबर जुळवले होते, नंतर कोणी बोल्ट काढले असतील तर मला माहीत नाही. सफाईची जबाबदारी नत्थूजीकडे होती. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असा शेरा त्याच्या कागदावर बसला. माझ्या कागदावर काही बसलं नाही. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल मिळाली.

तू त्या जेवणातला विनोद ऐकला होतास, म्हणून तुला कळलं. मी खोटं बोललो, एवढं तुला माहीत होतं. मी का तपासलं नाही, ते आज सांगितलं. थकलो होतो म्हणून नाही. वेळ नव्हता म्हणूनही नाही. त्यांची मला किळस आली होती, म्हणून. आणि त्यांच्यातला नत्थूजी एकटाच माझ्याशी सोळा वर्षं नीट वागला होता.

आता पुढचं तू सांगू नकोस. ते मला कळतं.


आंजी (मोठी)
२६ ऑगस्ट २०२५

धम्मदीप,

कागद परत पाठवले आहेत. पान एक ते सेहेचाळीस मी ओळ न ओळ पाहिली, तेवढ्यावर सही केली आहे. सत्तेचाळीसच्या पुढची पाहिलेली नाहीत आणि तिथे तसं लिहिलं आहे. तुला छापायचं ते छाप. मुख्यालयालाही लेखी कळवलं, त्या दसऱ्याला काय झालं ते. पावती सोबत जोडली आहे. ते काय करतील ते करोत.

शनिवारी वडनेरला गेलो. वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून दुसरी बस. आई येते म्हणाली, मी नको म्हटलं. नत्थूजी ओट्यावर खाटेवर बसला होता. माझ्या आवाजावरून त्याने मला ओळखलं आणि बसायला जागा केली. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. मी उभ्यानेच सांगितलं, जेवढं तुला लिहिलं तेवढं सगळं. किळससुद्धा सांगितली.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम हाय, साहेब. ज्या दिवशी तुमी देवाचं बोलले, त्याच दिवशी मालूम झालं का नंबर नाई पाह्यले. मी सोता पाह्यले पायजे होते. तुमचं बोलनं मनाले लागलं, मी बी म्हटलं जाऊ दे, मी काऊन पाहू."

मी विचारलं, मग चौकशीत हे बोलला का नाहीस?

"बोललो. लिवून घेतलं नाई कोनं. तुमची सही होती नं." मग म्हणाला, "मले सांगून काई फायदा नाई. तिले सांगा."

तिले म्हणजे सुलोचनाबाई, त्याची बायको. ती दाराच्या आत तूर पाखडत होती. सूप तसंच हातात धरून बाहेर आली. मी पुन्हा सगळं सांगितलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी घेऊन आलो असतो. तिने सूप खाली ठेवलं.

"थूलभाऊ, चौदा वर्षं मी याले काय काय बोलली, तुमाले मालूम नाई. कागदावर सरकारनं लिवलं होतं, मले खरं वाटलं. सोताच्या हातानं सोताचा डोळा फोडला म्हून बोलली. पोरीच्या सासरच्यांसमोर बोलली. परवा वाटी पडली हातातून, तवा बी तेच बोलली. ते आता मी कसं वापस घेऊ?"

नत्थूजी म्हणाला, "जाऊ दे, चहा ठेव."

तिने चहा ठेवला नाही. चपला घातल्या, नवऱ्याचा हात धरला आणि मला म्हणाली, "चाला."

फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे नेली. बाकावर, पारावर मिळून दहाबारा माणसं होती. मला मागून कळलं की गावात नत्थूजीला 'डोळाफोड्या' म्हणतात. लहान पोरंही म्हणतात. ती सगळ्यांना म्हणाली, "हे याचे साहेब हायत. यायले काई सांगायचं हाय."

मी सांगायला लागलो. छत्तीस वर्षांची सवय, बोल्टपासूनच सुरुवात केली. बोल्ट म्हणजे काय, नंबर दोन ठिकाणी का ठोकतात, केसभर फट राहिली तर पितळ कसं फाटतं. हातवारे करून दाखवलं. कोणाला काही कळत नव्हतं. एक जण चहा फुंकत होता, एक जण मोबाइल बघत होता. नेहमीचा मी असतो तर मनात म्हटलं असतं की यांना डोक्यात मेंदू नाही. अण्णाजी म्हणून एक म्हातारे होते, ते कानामागे हात धरून ऐकत होते. मी थांबल्यावर ते म्हणाले, "हे बोल्ट-फोल्ट आमाले नाई समजत, बुवा. चूक कोनाची होती, तेवढं सांगा."

"माही," मी म्हटलं.

सुलोचनाबाई नवऱ्याचा हात धरून माझ्याच शेजारी उभी होती. म्हणाली, "जोरानं सांगा. त्यायले कमी ऐकू येते."

मी पुन्हा सांगितलं, जोराने.